काशाच्या तलवारीची पारख

हैबतराव जहागीरदारांना जुनी नाणी आणि काशाची हत्यारं जमवायचा भारी नाद. जुनं काही सापडलं की ते सदरेवर आणून द्यायचं, असा त्यांचा हुकूमच होता. खोटा माल आणणाऱ्याचा मात्र ते उजवा हात तोडत. गावच्या सोनाराने एक बनावट नाणं आणलं, तेव्हापासून तो डाव्या हाताने जेवत होता.

नागोजी कासाराला मोडीच्या भांड्यांत एक तलवार मिळाली. ती खरोखरच फार जुनी होती. पण दुकानातून काहीही बाहेर पडायचं तर चिंचेने घासूनच, ही त्याची जन्माची सवय. त्याने तिच्यावरचं हिरवं किटण काढलं आणि ती लखलखीत करून सदरेवर नेली.

जहागीरदारांच्या कपाळाला आठी पडली. “काल ओतलेली तलवार जुनी म्हणून देतोस? हिच्यानेच तुझा हात तोडतो.”

शिपायांनी नागोजीचा उजवा हात ओंडक्यावर दाबून धरला. जहागीरदारांनी तलवार उगारली.

 नागोजी म्हणाला, “तोडा सरकार. नवी असली तर हात तुटेल, मला माझी शिक्षा मिळेल. जुनी असली तर इतक्या वर्षांत ती आतून कुजलेली असणार. पहिल्याच घावाला तिचे तुकडे होतील, आणि तशी दुसरी मिळायची नाही.”

तलवार हवेतच थांबली. जहागीरदारांनी ती तान्ह्या पोराला निजवावं तशी हळूच मखमलीवर ठेवली.

नागोजी मनगट चोळत उठला. “पारख झाली सरकार,” तो म्हणाला. “माझ्या हातासाठी आपण थांबला नसतात.”