महापौरांची आमटी

समतेच्या भाषणांसाठी गाजलेल्या महापौर दिगंबर अवचटांनी एक दिवस फर्मान काढलं, की शहरातल्या सगळ्या खानावळी बंद. आता पालिकेचं एकच स्वयंपाकघर, आणि सगळ्यांना सारखंच जेवण!

सगळ्यात आधी अंबूताई खरातांच्या खानावळीला टाळं ठोकायला ते दोन नगरसेवकांसह जातीनं आले. अंबूताईंनी पदर खोचला. "करते की बंद. पण शेवटचं जेवून जा. तिघांना एकच आमटी करते. कशी करू, तेवढं ठरवून सांगा."

"गूळ घाला," महापौर म्हणाले.

"आमटीत गूळ? छे! काळा मसाला हवा," एक नगरसेवक उसळला. दुसऱ्याला दोन्ही चालेनात. आधण उकळून आटलं, तरी वाद मिटेना.

महापौर वैतागले. "अहो, इथं रोज एवढी माणसं जेवतात, त्यांचं तुम्ही कसं ठरवता?"

"मी कुठं ठरवते?" अंबूताई ताठ मानेनं म्हणाल्या. "माझी आमटी ज्याला आवडत नाही, तो समोरच्या खानावळीत जातो. म्हणून तर मी ती रोज जीव ओतून करते. उद्या तुमची आमटी बिघडली, तर शहरानं जायचं कुठं?"

महापौरांनी टाळं खिशात घातलं, आणि समोरच्या खानावळीत जाऊन गुळाची आमटी ओरपली.