सटवाईच्या ताण्याची कहाणी

ऐक सटवाई माते, तुझी कहाणी. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी होती. धुकं दाट पडलं होतं, उन्हं उशिरा आली. त्या दिवशी आटपाट नगरात एका कोष्ट्याच्या घरी लेक जन्मली. तिचं नाव ठेवलं मैना. आईचं नाव भिवरा, आजीचं, म्हणजे भिवरेच्या सासूचं, राहीबाई. बाप सूत आणायला दूरदेशी गेलेला.

पाचवी पुजली. राहीबाईनं पाटावर कोरा कागद ठेवला, दौत-लेखणी ठेवली, हात जोडले. म्हणाली, "सटवाई येईल, काय ते लिहून जाईल. आपल्याला आता करायचं काही उरलं नाही."

मागावर राणीचं पातळ लावलेलं होतं. भिवरा विणायला बसे, मैना रडे, माग थांबे. मग राहीबाईनं काय केलं? अफूची बाळगोळी आणली, मोहरीएवढी. दुधात उगाळली, पोरीला चाटवली. पोर निजली. सकाळी चाटवली, दुपारी चाटवली, दिवेलागणीला चाटवली. माग खटखट चालला. शेजारणी म्हणत, "काय बाई गुणाची पोर! रडणं नाही, की काही नाही." राहीबाई म्हणे, "आमच्या वळणावर गेली हो!"

चैत्र आला. एके दिवशी भर दुपारी एक म्हातारी दारात उभी राहिली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. म्हणाली, "माये, मला पाणी दे आणि लेकरू मांडीवर दे." भिवरेनं पाणी दिलं, लेकरू दिलं. म्हातारीनं हाक मारली, पोर बघेना. टाळी वाजवली, पोर वळेना. तोंडाशी तोंड नेऊन हसली, पोर हसेना.

भिवरेनं मैनेला जवळ ओढलं. म्हणाली, "आजीबाई, सटवाईनं माझ्या लेकीच्या कपाळी हेच का लिहिलं?"

"अगं, मीच ती सटवाई. मी लिहीत नाही, मी ताणा लावते, उभे दोरे. या एवढ्याशा टाळूखाली दोरे किती, ठाऊक आहे? राणीच्या पातळात नाहीत, साऱ्या नगरीच्या मागांवर नाहीत, इतके. पाळण्यात नुसती पडलेली दिसते ना, पण आत रोज नवे जुळत असतात. त्यात बाणा, आडवा दोरा, घरानं भरायचा. तिनं बघावं, तू बघावंस. तिनं हुंकार द्यावा, तू हुंकार द्यावास. ती आडव्या दोऱ्याचा धोटा फेकते, तो तू परत फेकायचा. परत आला नाही, तर दोरा सैल पडतो, गळून जातो. आणि तुम्ही तर विणणारीलाच निजवून ठेवलीत!"

"मग आई, आता काय करू?"

"गोळी बंद कर. पोटभर पाज, अंगाशी धर. बोल, गा, तिच्या हाकेला ओ दे. हा माझा वसा. तो आजच घ्यावा. कंटाळू नये, लाजू नये, काम आहे म्हणून चुकवू नये." असं म्हणाली आणि दिसेनाशी झाली.

भिवरेनं वसा घेतला. गोळी बंद केली. पोर रडरड रडली, हातपाय कापू लागले. भिवरेनं तिला उराशी धरली, खाली ठेवली नाही. मग बोलू लागली. "मैने, हे लाल सूत बघ. मैने, कावळा आला बघ. मैने, आजी रागावली बघ."

राहीबाई म्हणाली, "बयेला वेड लागलं! तोंडात दात नाहीत त्या पोरीशी गप्पा मारते. उत्तर द्यायला ती काय राजाची कारभारीण आहे?"

"देईल, आत्याबाई."

पोर बघू लागली. मग वळू लागली. मग एके सकाळी हसून 'गूं' म्हणाली.

पण माग थांबत होता. राणीचा शिपाई दोनदा येऊन दटावून गेला. भिवरा नदीवर सूत धुवायला गेली, तशी राहीबाईनं मनाशी म्हटलं, आजच्या दिवस. गोळी उगाळली, चाटवली, पातळ विणत बसली.

भिवरा आली. हाक मारली, ओ नाही. ओठ निळे, श्वास मंद. "आत्याबाई, काय केलंत?"

"एकच दिली गं, भिवरे, एकच!"

राहीबाई वैद्याकडे अनवाणी धावली. भिवरेनं तळवे चोळले, तोंडावर पाणी शिंपडलं. "मैने, इकडे बघ. मैने, निजू नकोस." वैद्य आला, म्हणाला, सवय मोडलेल्या अंगाला एकच गोळी विष झाली. त्यानं मात्रा दिली, पोरीला निजू देऊ नका म्हणाला. दोघी हाका मारत राहिल्या. ऊन कललं, तशी पोर रडली.

राहीबाईनं उरलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या. तिनंही वसा घेतला. आंघोळ घालताना बोलली, दळताना गायली, पोर रडली की धोटा टाकून उठली. पातळ मुदतीत झालं नाही. राणीनं ते काम दुसऱ्या मागावर दिलं. त्या वर्षी घरात ज्वारीच्या कण्या शिजल्या. भिवरा आधी मैनेला भरवी, मग आपण खाई.

मैना उशिरा बसली, उशिरा रांगली. दुसरा ज्येष्ठ आला, मैना दीड वर्षाची झाली. ताटात पेज वाढली होती. राहीबाई बाहेर पायरीवर बसली होती. मैनेनं तिच्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "आजी, ये." राहीबाई उठून आत आली.

जशी सटवाई मैनेला पावली, तशी तुमच्याआमच्या लेकराबाळांना पावो. लांबलचक कहाणी, थोड्या बोलांत सांगितली, ती इथे सुफळ संपूर्ण.