वेच्याची एकसष्ट भोके

त्या प्रदेशात जे खोडावर नाही ते घडलेच नाही, असे मानले जाई.

खोड एका वठलेल्या सावरीचे होते. टेकडीच्या माथ्यावरच्या सपाट जागेच्या एका कडेला ते उभे होते, आणि त्याच्या समोर ऐनाच्या आडव्या फांदीवरून वेलीचे एक कडे लोंबत होते. तिथे वानरांच्या दोन टोळ्या कवठाचा खेळ खेळत. ओढ्याच्या अलीकडचे पाच आणि पलीकडचे पाच. कवठ कड्यातून गेले की मोजले जाई, आणि खाली पडलेले कवठ जो आधी उचलील त्याचे. एवढाच नियम होता. कड्याच्या बरोबर खाली गवत उगवत नसे, पण तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.

नर वयात आला की आईच्या कळपातून त्याला हाकलून देत. मग तो टोळीत येई आणि चार हिवाळे खेळे. चौथा हिवाळा संपला की त्याची गणती होई. खोडाच्या कुठल्याही एका अंगावर ज्याची शंभर भोके भरली, त्याला खालच्या उंबरावर कायमची जागा मिळे. तिथे बारमाही फळ होते, आणि बिबट्या पोचणार नाही इतकी उंची होती. ज्याची शंभर भरली नाहीत तो खिंडीने निघून जाई. बिबट्या खिंडीत राहत असे.

खोडाच्या पूर्वेच्या अंगावर कड्यातून टाकलेल्या कवठांची भोके होती, दक्षिणेच्या अंगावर झेललेल्या आणि पश्चिमेच्या अंगावर सोबत्याला दिलेल्या कवठांची. प्रत्येक वानराची एकेक उभी ओळ. मोजणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून दर दहावे भोक थोडे रुंद ठेवलेले असे. गणतीच्या दिवशी वानराने खोडावर चढायचे, आपल्या शेवटच्या भोकात बोट घालायचे, आणि खालच्यांनी पाहायचे. बोट पेरापर्यंत बुडाले तर साक्ष पटली.

ही भोके एक सुतारपक्षी कोरत असे. सगळे त्याला बुवा म्हणत. एका भोकाला तीन टोले लागत. पहिल्याने साल उडे, दुसऱ्याने भोक पडे, आणि तिसऱ्याने ते बोट बुडण्याइतके खोल होई. एकोणीस हिवाळे त्याने एकही डाव चुकवला नव्हता. डाव चालू असेपर्यंत तो मुंगीसुद्धा खात नसे. पूर्वी डाव संपल्यावर कोणी उंबरे आणून देई आणि चार भोके वाढवून घेई. ती लबाडी या सुताराने मोडून काढली. डाव संपल्यावर खोडाला चोच लावायची नाही, हा नियम त्याने स्वतः सभेपुढे ठेवला आणि स्वतःच पाळला.

पूर्वेच्या अंगावर सर्वांत उंच गेलेली ओळ आबांची होती. बाराशे चौदा. आबा आता टोळीचे म्होरके होते आणि उंबराच्या सर्वांत जाड फांदीवर बसत. त्यांच्या ओळीखाली वीतभर अंतरावर शिखऱ्याची ओळ चढत होती. शिखऱ्याचे हात लांब होते आणि नेम सहसा चुकत नसे. त्याची अकराशे शहाण्णव झाली होती आणि तीन डाव उरले होते. टोळीत दुसरे बोलणेच नव्हते. ओढ्यावर पाणी पितानाही वानर एकमेकांना विचारत, "आज किती?" आणि दुसरा, कोणाबद्दल ते न विचारता, आकडा सांगे.

त्याच टोळीत वेच्या नावाचा एक वानर होता. त्याची चण आखूड होती. पडलेले वेचतो म्हणून वेच्या. पूर्वेला त्याची अकरा भोके होती, पश्चिमेला तीस, आणि दक्षिणेला, जिथे त्याची ओळ सर्वांत लांब होती, तिथे एकसष्ट. त्याचा चौथा हिवाळा सरत आला होता. शिखऱ्या त्याच्यानंतर महिनाभराने टोळीत आला होता, त्यामुळे त्याचे तीन डाव उरले होते आणि वेच्याचा एक.

वेच्या खेळतो तेव्हा टोळी हरत नाही, ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. पण तिच्यासाठी खोडावर अंग नव्हते.

एका सकाळी शिलिंध्री खोडावर आली. हा चिमुकला निळा पक्षी खाली डोके करून खोडावरून उतरतो. ती सुताराच्या जुन्या भोकांतून किडे वेचत उतरत होती. त्याच्या शेजारी येऊन ती थांबली.

"बुवा, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार."

"ठोकताना तुम्ही डोळे मिटता."

"सगळेच सुतार मिटतात. भुसा उडतो."

"ते झालंच. पण तेवढ्यात खालचं कवठ कुठे जातं हो?"

"शिखऱ्याकडे."

"आपल्या पायांनी?"

शिलिंध्रीने एक किडा गिळला आणि ती उडून गेली.

तो दिवस त्याने खोडाला प्रदक्षिणा घालण्यात घालवला. स्वतः कोरलेली भोके त्याने पुन्हा मोजली. अकरा हजार सातशे आणि वर काही. प्रत्येकाचे तीन टोले. डोळे मिटून किती काळ गेला, याचा त्याला अंदाज बांधता येईना. मग तो दक्षिणेच्या अंगावर वेच्याच्या ओळीशी आला आणि तिच्या वरची साल पाहत राहिला. ती अगदी गुळगुळीत होती. शंभराला एकोणचाळीस भोके कमी होती.

वेच्याच्या शेवटच्या डावाला सुतार रोजच्या जागी बसला. शिखऱ्याने पहिले कवठ कड्यातून टाकले. सवयीने वानरांच्या माना खोडाकडे वळल्या, कारण टोले पडू लागले की आपल्या ओळीत पडतात की दुसऱ्याच्या, हे सगळेच पाहत. पण टोला पडला नाही. सुताराने चोच छातीत खुपसून घेतली होती आणि डोळे उघडे ठेवले होते.

"बुवा, झोपलात काय?" शिखऱ्या ओरडला.

सुताराने पाहिले की दहा नव्हे, नऊच माना वळल्या होत्या. कड्याखाली उभा असलेला वेच्या वर पाहत नव्हता. कवठ जमिनीला लागण्याआधी त्याने ते छातीशी घेतले, दोन पावले टाकली आणि शिखऱ्याच्या लांब हाताच्या टोकाशी अलगद सोडले. शिखऱ्याने मान खाली केली तेव्हा कवठ त्याच्या हातात होते. ते कुठून आले, असे त्याने स्वतःला विचारले नाही. त्याच्या दृष्टीने ते तिथे असायचेच. त्याने ते पुन्हा कड्यातून टाकले.

शिखऱ्याची आणि इतरांची मिळून अशी त्रेचाळीस कवठे वेच्याने झेलली. सुताराने प्रत्येक वेळ पाहिली. त्याला भूक लागली होती, पण तो मुंगी खायलाही हलला नाही. डाव संपेपर्यंत खोड गप्प होते.

डाव संपला तसा शिखऱ्या खोडावर चढला आणि आपल्या ओळीचे टोक चाचपू लागला.

"एकवीस, बुवा! मी स्वतः मोजलीत. आज बाराशे सतरा होत होती. एकवीस कवठं काय कावळ्यानं नेली?"

"एकवीसच होती," सुतार म्हणाला. "मी पाहिली."

"पाहून काय करायचंय? ठोकायची होती!"

सभा उंबराखाली भरली. सुताराने घडले ते सांगितले. ठोकताना आपले डोळे मिटलेले असतात, म्हणून या एका डावात आपण ठोकले नाही, असे सांगितले. शिखऱ्याची एकवीस आणि वेच्याने झेललेली त्रेचाळीस आता कोरायची परवानगी मागितली. वेच्याची एकशे चार होत होती.

आबांनी तोंडातले उंबर शांतपणे संपवले.

"बुवा, डाव संपल्यावर चोच लावायची नाही, हा नियम कुणाचा?"

"माझा."

"कशासाठी केलात?"

"उंबरं देऊन भोकं वाढवून घेत होते म्हणून."

"मग आज तुम्हाला कोणी काय खायला घातलं?"

सगळे हसले. एक जण म्हणाला, "वेच्याकडे आहेच काय खायला घालायला?" तेव्हा आणखी हसले.

"आज मी काहीच खाल्लेलं नाही," सुतार म्हणाला. तेवढेच त्याला सुचले.

मग तो शिखऱ्याकडे वळला. "तू सांग. आज तुझ्या हातात कवठ कुठून येत होतं?"

शिखऱ्याने प्रामाणिकपणे विचार केला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "माझ्या हातात कवठ येतंच," तो म्हणाला.

आबांनी निकाल दिला. जो डाव खोडावर नाही तो झाला नाही, आणि न झालेल्या डावातले कोणाचे काही धरता येणार नाही, वेच्याचेही नाही आणि शिखऱ्याचेही नाही. नियम सर्वांना सारखा. बाराशे चौदा हा आकडा त्या सभेत कोणी उच्चारला नाही. निकाल न्यायाचा आहे असेच बहुतेकांचे मत पडले. शिखऱ्याने दात विचकले, पण ते सुताराकडे पाहून.

लगेच वेच्याची गणती झाली. तो दक्षिणेच्या अंगावर चढला आणि त्याने एकसष्टाव्या भोकात बोट घातले. बोट पेरापर्यंत बुडाले.

"एकसष्ट," आबा म्हणाले. "साक्ष पटली."

दुपारी वेच्या निघाला. सुतार झाडाझाडावरून त्याच्यासोबत खिंडीच्या तोंडापर्यंत गेला. तिथे एक वाकडे पळसाचे झाड होते, त्याच्यापुढे नुसता खडक. वेच्या पळसाखाली बसला. त्याने शेपटी मांडीखाली दाबून धरली.

"माझी चूक झाली," सुतार म्हणाला. "चार हिवाळे झाली."

"मला ठाऊक होतं, बुवा."

"ठाऊक होतं? मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? टकटक ऐकू आली की सगळ्यांच्या माना वर. नऊ जण वर बघत असले की खालचं कवठ उचलायला कितीसं लागतं? तुम्ही डोळे उघडे ठेवले असते, तर मला एवढी गावलीच नसती." त्याने कानामागे खाजवले. "आजचा डाव मला जडच गेला म्हणा. कोणीतरी बघतंय असं वाटलं की हात जरा अवघडतात."

"म्हणजे त्रेचाळीसही कमीच होती?"

"इतर वेळी पन्नास-साठ व्हायची. मी काही मोजत नव्हतो."

वेच्या खिंडीकडे बघत राहिला.

"तिकडे झाडं असतात का हो?"

"असतात. दोन-तीन चांगली उंच आहेत."

"मग झालं तर," वेच्या म्हणाला आणि उठला.

सुताराने खिंड कधी पाहिली नव्हती. न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगण्याची त्याची ती पहिलीच वेळ होती. वेच्या खडकामागे दिसेनासा झाल्यावरही तो बराच वेळ पळसावर कान देऊन बसला होता. काहीच ऐकू आले नाही. त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागत होता.

चार दिवसांनी पुढचा डाव होता. शिखऱ्याला आता दोन डावांत एकोणीस हवी होती आणि एरवी एका डावात त्याची बारा सहज होत, त्यामुळे कोणालाच चिंता नव्हती. उंबरावरचे म्हातारे वानरही पाहायला आले होते. आबाही आले होते, पण जरा लांब बसले होते. वेच्याच्या जागी एक धिप्पाड वानर घेतला होता. तो कड्याखाली उभा राहिला नाही. खोडावरून स्पष्ट दिसावे म्हणून तो उजेडात उभा राहिला.

सभेने सुताराला बजावले होते. "बुवा, बघणं पुरे. ठोका." सुताराने मान्य केले होते. दुसरे काही काम त्याला येत नव्हते.

शिखऱ्याने पहिलेच कवठ कड्यातून टाकले. सुताराने डोळे मिटले आणि पहिला टोला मारला. दुसरा मारला. आणि तिसऱ्यासाठी मान मागे घेतली तेव्हा तो अडला. काहीतरी चुकले होते. क्षणभराने त्याच्या ध्यानात आले की त्याला पावलांचा आवाज आला नव्हता. दोन भरभर पडलेली पावले. चार हिवाळे दुसऱ्या आणि तिसऱ्या टोल्याच्या मध्ये ती पावले वाजत आली होती, आणि आपण ती ऐकत होतो हे त्याला आजच कळत होते.

त्याने डोळे उघडले.

दहाही माना वर होत्या. अलीकडचे पाच, पलीकडचे पाच, सगळे खोडाकडे पाहत होते. शिखऱ्या तर अर्धे खोड चढून आला होता. त्याने नव्या भोकात बोट घातले. ते नखापर्यंतच गेले.

"तिसरा टोला, बुवा! तिसरा राहिला!"

सुतार त्याच्या खांद्यावरून खाली पाहत होता. कड्यातून पडलेले कवठ एकदा उसळले, थोडे घरंगळले आणि कड्याच्या बरोबर खाली, जिथे गवत उगवत नव्हते, तिथे आले. त्या जागी पावलांनी झिजून जमिनीला एक वाटोळा खळगा पडला होता. कवठ त्याच्या काठावर जरासे डुगडुगले, आत उतरले, आणि अर्ध्यापर्यंत बुडून बसून राहिले.