आवळा आणि दुसरं विधान

“…पण उत्तर काढायचंच नसते, तर ते परीक्षेवाले तुले विचारतात तरी काय?”

अण्णाजी सुपातले आवळे निवडत होते. डागाळलेले एकीकडे, चांगले एकीकडे. विचारताना त्यांनी मान वर केली नाही.

निनाद कटरे हसला. प्रश्न त्याच्या आवडीचा होता, कारण याचं उत्तर त्याला येत होतं.

“दिलेली माहिती पुरेशी आहे का, एवढंच विचारतात. वर एक प्रश्न, खाली दोन विधानं. एकट्या पहिल्या विधानानं भागेल का? एकट्या दुसऱ्यानं? की दोन्ही लागतील? की दोन्ही मिळूनही पुरणार नाहीत? उत्तर किती आलं याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नाही.”

“बाप्पा! भले शहाणे दिसतात,” अण्णाजी म्हणाले.

धुकं अजून तळ्यावरून उठलं नव्हतं. पलीकडचा काठ त्या सकाळी नव्हताच. एक डोंगा धुक्यातून अर्धा बाहेर आला, थोडा वेळ तरंगला आणि पुन्हा नाहीसा झाला. वल्ह्याचा आवाज मात्र येत राहिला. कुठून, ते सांगता येईना.

अण्णाजींनी आयुष्यभर नागपूरच्या कॉलेजात गणित शिकवलं. मग एक दिवस हातातला खडू टेबलावर ठेवला आणि गोंदियाकडच्या या तळ्याशी, देवीच्या देवळामागच्या खोलीत येऊन राहिले. इथे ते काय करतात हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणत, “बसतो.”

निनाद त्यांचा जुना विद्यार्थी. गणितात त्याचा हात धरणारा कॉलेजात दुसरा कुणी नव्हता, आणि ही गोष्ट लोकांच्या आधी तो स्वतःच सांगून टाकी. परदेशात पुढचं शिक्षण घ्यायचं म्हणून पुण्याची नोकरी सोडली, प्रवेशपरीक्षेला बसला आणि आपटला. पुन्हा बसला, पुन्हा आपटला. दोन्ही वेळा याच दोन विधानांच्या प्रश्नांवर. आता तिसऱ्यांदा नागपूरला जायचं होतं, गाडी आज संध्याकाळची होती. हेही गेलं तर पुढे काय, याचा विचार करायची त्याची हिंमत नव्हती.

“आवळा खा,” अण्णाजी म्हणाले.

निनादनं खाल्ला. डोळे मिटले, तोंड वाकडं झालं, कानामागे शिरशिरी गेली. अण्णाजींनी मडक्यातून गडवाभर पाणी काढून दिलं. तो घटाघटा प्यायला.

“काय गोड पाणी आहे हो इथलं!”

“गोड आहे?”

“एकदम. साखर घातल्यासारखं.”

“बरं,” अण्णाजी म्हणाले आणि आवळे निवडू लागले.

निनादनं रिकामा गडवा मडक्यावर पालथा घातला.

मग सुपात बघतच अण्णाजींनी विचारलं, “एक संख्या आहे. कोणती? पहिलं विधान, ती धन आहे. दुसरं विधान, तिचा वर्ग नऊ आहे. सांग.”

असला पोरखेळ आपल्याला विचारावा याचा निनादला थोडा रागच आला.

“एकट्या दुसऱ्यानं भागतं. तीन.”

“आणि ऋण तीन? तिनं काय घोडं मारलं?”

“ती कशी चालेल? संख्या धन आहे ना.”

“कोण म्हणते?”

“पहिलं वि…”

निनाद तिथेच थांबला.

धुक्यात वल्हं एकदा वाजलं.

त्याचे कान तापले. दोन्ही परीक्षांत हेच झालं होतं. पहिल्या विधानातलं काहीतरी त्याच्याबरोबर गुपचूप दुसऱ्यात शिरायचं, आणि एकट्या दुसऱ्याकडे बघतोय असं समजून तो दोन्हींवरून निकाल देऊन मोकळा व्हायचा.

“नियम मला पाठ आहे, अण्णाजी,” तो पुटपुटला. “पहिलं झाकायचं, मगच दुसरं वाचायचं. इतरांना मीच शिकवतो. कागदावर हातसुद्धा ठेवतो.”

“मग?”

“कागदावरचं झाकलं जातं. डोक्यातलं…”

“चूळ भर.”

“काय?”

“चूळ भर ना लेका. तिकडे, गवतात.”

निनादनं चूळ भरली.

“आणखी भर. जोरात खळखळ कर.”

आवळ्याचा मागमूस जाईपर्यंत त्यांनी त्याला चुळा भरायला लावल्या. मग त्याच मडक्यातलं पाणी त्याच गडव्यातून पुन्हा पुढे केलं.

तो प्यायला. मडक्याच्या मातीचा किंचित वास होता. बाकी काही नव्हतं.

“कसं लागते?”

“…पाण्यासारखं.”

अण्णाजींनी एक डागाळलेला आवळा तळ्यात भिरकावला. तो पाण्यावर पडल्याचं दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. निनादला वाटलं, आपण इथे फार दिवसांपासून बसलो आहोत आणि परीक्षा कुण्या दुसऱ्याच माणसाची आहे. त्याला खूप दिवसांनी हलकं वाटलं.

तेवढ्यात रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. निनादनं पिशवी जवळ ओढली.

“बस तुमच्या राइस मिलवरूनच जाते,” अण्णाजी म्हणाले. “घरी उतरशील नं?”

“नाही.”

“घरावरून जाशील आणि उतरणार नाही?”

निनादनं तळ्याकडे तोंड फिरवलं. मिल सांभाळ म्हणून बाबा अडून बसले होते, नोकरी सोडली तेव्हा घरात कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याआधी तो पुण्याला निघाला की बाबा दर वेळी स्टेशनवर यायचे. बोलायचे काहीच नाहीत. गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहायचे, बस्स. भांडणानंतर ते बंद झालं आणि निनादला त्या खिडकीशी उभं राहण्याची भयंकर आठवण येई. हे मात्र त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

“दादाचा फोन आला होता,” तो म्हणाला. “म्हणाला, बाबांना तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही.”

“हं.”

“मग काल रात्री बाबांचाच आला. इतक्या महिन्यांनी. कसा आहेस नाही, अभ्यास झाला का नाही. फक्त विचारलं, गाडी कितीची आहे तुझी?”

“मग?”

“सांगितली. त्यांनी बरं म्हटलं आणि ठेवला.” त्यानं पिशवीचा बंद आवळला. “कधी एकदाचा टळतोय, एवढंच हवंय त्यांना.”

“असं म्हणाले?”

“म्हणायला कशाला पाहिजे, अण्णाजी? गाडी कितीची म्हणजे दुसरं काय समजायचं माणसानं?”

हॉर्न पुन्हा वाजला. धुकं जरासं विरळ झालं होतं, आणि डोंगा मघापासून अगदी जवळच, काठाला लागून होता.

अण्णाजी उठले. मडक्यातून गडवा भरला आणि निनादच्या हातात दिला. निनादनं तो ओठांशी नेला, तशी त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“पिऊ नको… आधी चूळ भर.”