थंड दुकानातला विक्रम

पारख करणाऱ्या वृद्धाची कथा आपल्याकडे अनेक रूपांनी सांगितली जाते. बैलबाजारातल्या रूपात शर्यत जिंकलेला बैल सोडून तो, शर्यतीनंतर कोणता बैल स्वस्थ बसून रवंथ करतो, हे पाहतो. कुंभारवाड्यातल्या रूपात मडके वाजवण्याऐवजी ते पाण्याने भरून ठेवतो. या रूपांत शिष्य हा केवळ श्रोता असतो. पुढील रूप सर्वांत अर्वाचीन. त्यात शिष्येचेच काही पणाला लागलेले आहे, आणि म्हणून ते अधिक चैतन्यपूर्ण झाले आहे.

एकदा एक वृद्ध शिक्षक आपल्या शिष्येसह वऱ्हाडातल्या एका शहरात संगणकाच्या दुकानात गेले. वैशाखाची दुपार होती. शिष्या चलच्चित्रे रचत असे. कलाशाळेत प्रवेश मिळण्यासाठी स्वतः रचलेली चित्रफीत पाठवावी लागे. आदल्या वर्षी अखेरच्या दिवशी, पत्र्याखालच्या खोलीत, तिचा जुना संगणक तापून बंद पडला आणि प्रवेश हुकला. वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची होती. नवा संगणक एकदाच घेता येणार होता. पुढचे सारे शिक्षणही त्याच्यावरच व्हायचे होते.

दुकानात त्या दिवशी वेगाची चढाओढ रंगली होती. संगणकातली सारी गणिते करणारा प्रोसेसर कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापलीकडे पळवायचा, याला ती मंडळी ओव्हरक्लॉकिंग म्हणत. महागडे प्रोसेसर गुरुजींनी आधीच बाजूला सारले होते. ते म्हणाले होते, "त्यांची बहुतेक धाव कारखान्यातच काढून घेतलेली असते. या स्वस्त जातीत अजून पुष्कळ शिल्लक आहे. वाचेल त्या पैशात, सारे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड चांगला घेऊ आणि प्रोसेसरवर बसवायचा मोठा पंखा घेऊ."

त्या स्वस्त जातीचे दोन प्रोसेसर शेजारी शेजारी पळत होते. जात एक, पिंड मात्र वेगळा. पडद्यावरचा आकडा चढत होता. "चढव! अजून चढव!" पोरे ओरडत होती. दुसरा थोडा मागे राहिला. पहिल्याने मात्र, वाढवलेल्या व्होल्टेजच्या म्हणजे विजेच्या दाबाच्या जोरावर, दुकानाचा जुना विक्रम मोडला आणि शिट्ट्यांनी छप्पर दणाणले. त्या दुकानाचा रिवाज असा, की प्रोसेसरच्या समोर ठेवलेल्या रिकाम्या डबीवर ज्याचा हात आधी पडेल त्याचा पहिला हक्क. शिष्येचा हात विजेच्या वेगाने पडला.

"झालं गुरुजी! हाच!"

मागच्या एका तरुणाचा हात हवेतच राहिला होता. तो हसून म्हणाला, "ताई, हात दुखला तर सांगा बरं. मी हलत नाही इथून."

गुरुजी व्यापाऱ्याकडे वळले. "शेठ, एसी बंद करा."

"काय म्हणता मास्तर? बाहेर वैशाख पेटलाय!"

"म्हणूनच. दारही उघडा. दोघांना आहे त्याच वेगावर ठेवा आणि हिने सोबत आणलेली चित्रफीत रचायला द्या."

"परीक्षा प्रोसेसरची घेता की आमची?" व्यापारी म्हणाला आणि दुकान हसले. पण त्याने एसी बंद केला.

शिष्या कुजबुजली, "गुरुजी, हात उचलला तर हा जाईल."

"उचलू नकोस. पाहा फक्त."

उघड्या दारातून झळ आत आली. पुठ्ठे फाडून वारा घेणे सुरू झाले. तरीही कोणी जागचे हलेना. आता दोन पक्ष पडले होते. दोन्ही पडद्यांवर चित्रामागून चित्र उमटत होते. अचानक पहिला पडदा निळा झाला आणि थिजला.

"गेला!" एका पक्षाने आरोळी ठोकली.

व्यापाऱ्याने घाईने व्होल्टेज आणखी वाढवले. प्रोसेसर पुन्हा धावला, पूर्वीहून अधिक तापला आणि पुन्हा थिजला. दुसरा आपले काम करीतच होता. गुरुजींनी मात्र पुढे होऊन त्याचा वेग दोन पायऱ्यांनी उतरवला.

"अहो आजोबा, चालतोय ना तो!" तरुण जवळजवळ रागावलाच.

शिष्याही गोंधळून म्हणाली, "जिंकणाऱ्यालाच का रोखलंत?"

गुरुजी म्हणाले, "मुली, विक्रम झाला तेव्हा पहिल्याच्या मदतीला गार हवा होती, वाढवलेलं व्होल्टेज होतं, आणि धावायचं होतं थोडाच वेळ. तुझ्या पत्र्याखाली गार हवा नाही, आणि तुझं काम तासन्‌तास चालतं. वाढीव व्होल्टेज आज वेग देतं आणि उद्याचं आयुष्य जाळतं. दुसऱ्याने कमी व्होल्टेजवर काम केलं, म्हणून तो निवडण्याजोगा. पण त्यालाही काठावर उभं करू नये. पुढे धूळ बसेल, पंखा मंदावेल, याहून कडक ऊन पडेल. त्या दिवसांसाठी दोन पायऱ्या राखल्या. स्वस्तातली वस्तू वर्षानुवर्षं पुरते ती अशा राखणीवर."

शिष्येने पहिल्या पडद्यावरच्या विक्रमी आकड्याची आठवण काढली असावी. क्षणभर तिची बोटे डबीवर घट्ट झाली. मग तिने हात उचलून दुसऱ्या डबीवर ठेवला. मोकळ्या डबीवर तरुणाचा पंजा धाडकन पडला. "ताई, उपकार झाले! मला तर विक्रमच हवा होता," तो म्हणाला. "घे बाबा," ती म्हणाली, आणि स्वतःच हसू लागली. व्यापाऱ्याने कपाळाचा घाम पुसत एसी पुन्हा सुरू केला.

प्रवेशाच्या अखेरच्या दिवशी ऊन तेवढेच कडक होते. पत्र्याखालच्या खोलीत सकाळपासून संगणक चालला होता. तिसऱ्या प्रहरी चित्रफीत पूर्ण झाली, आणि शिष्येने ती कलाशाळेकडे पाठवली.