कोऱ्या नदीचे चित्र

एका राज्यात, जिथे राघूलाही दरबारात मान होता, हिरण्यवर्मा नावाचा राजा होता. पूर्वदेशीच्या एका वृद्ध मांत्रिक चित्रकाराने त्याला काळ्या शाईचे चित्र भेट दिले. चित्रात खेडे होते: गवताची छपरे, बांबूचे बन, म्हैस, खांद्यावर जाळे घेतलेला कोळी. मधोमध मात्र हातभर कागद कोरा.

"महाराज, ही नदी. हिच्यावर रेघ ओढू नका," चित्रकार म्हणाला.

पण ऐकेल तो राजा कसला! रिकामी जागा दिसली की मेल्याचा हात शिवशिवे. चित्रकाराची पाठ वळताच त्याने कुंचला उचलला. नदीत गड काढला, फौज काढली आणि फौजेपुढे छाती काढून उभ्या असलेल्या स्वतःलाही काढले.

दुसऱ्या दिवशी भर मध्यान्ही चित्रातल्या कोळ्याने मान वळवून दरबाराकडे पाहिले. नदी बुजून आटल्याने त्याचे ओठ तहानेने फुटले होते. त्याच क्षणी दारातला भालदार नाहीसा झाला आणि चित्रातल्या कोरड्या पात्रात विहीर खणणारा एक शाईचा माणूस वाढला. मग रोज मध्यान्ही एक जण जाऊ लागला. चित्रावर पडदा टाकावा, तर पडदा काळा पडून गळे. चित्र उतरवायला जावे, तर भिंत सोडीना. भल्याभल्यांची बोबडी वळली. नवव्या दिवशी राजाची एकुलती लेक चारुलेखा गेली. चित्रात ती नखांनी माती उकरीत होती.

राजा धाय मोकलून रडला.

राघू म्हणाला, "मुरलेली शाई पाण्याने जात नाही, महाराज. ज्याने घातली, त्यानेच ती जिभेने काढावी. पण जे चाटाल, ते जगातही उरणार नाही."

राजाने गड चाटला. बाहेर बुरूज ढासळले. फौज चाटली. चौकात ढालीतलवारींची राख झाली, शिपाई रिकाम्या हातांनी उभे राहिले. तिसऱ्या खेपेस जीभ थबकली.

"राघू, मी उरेन का रे?"

"नाही, महाराज."

चित्रात चारुलेखा गुडघ्यांवर कोसळली होती. "पोरी, माझंच चुकलं गं," तो म्हणाला आणि डोळे मिटून त्याने स्वतःला चाटून टाकले.

नदी वाहू लागली. म्हैस पाण्यात शिरली. भालदारापासून सगळी माणसे ओलीचिंब होऊन दरबारात उभी राहिली, शेवटी चारुलेखा.

"बाबा कुठे आहेत?"

"तुला सोडवून गेले, राजकन्ये," राघू म्हणाला.

चारुलेखा गादीवर बसली, राज्य सुखाने नांदले. दरबारात सगळ्या राजांच्या तसबिरी होत्या. "थोरल्या महाराजांची काढू का?" असे कोणी विचारले की ती त्या कोऱ्या नदीकडे बोट दाखवी.