दादासाहेबांची चारचाकी ओढ

जीप चालवावी तर आपणच, असं दादासाहेब घोरबांड सांगत; दोनदा ओढ्यातून बैलांनी ओढून काढली, हेही तेच सांगत.

आज भाचीच्या लग्नाचा मुहूर्त गाठायचा होता. चिखल संपून कोरडं डांबर लागलं, तरी त्यांनी चारी चाकांची ओढ, म्हणजे फोर-व्हील, सोडली नाही. घाटाच्या वळणावर जीप कण्हत अडली.

मागच्या सीटवरून त्यांच्या सुनेची आई म्हणाली, "व्याहीबुवा, मळणीत खुंटाजवळचा न् कडेचा बैल सारखेच चालतात?"

"छे! कडेच्याला मोठा फेरा."

"वळणावर पुढच्या चाकांनाही मागच्यांपेक्षा मोठाच. चारींना सारखंच फिरवलं तर चिखलात घसरून निभतं, इथं कोरड्यावर यंत्र पिळवटतं."

दादासाहेबांनी जीप किंचित मागं घेऊन फोर-व्हीलचा दांडा सरकवला, ओढ मागच्या दोन चाकांवरच ठेवली. जीप सुटली.

"घरी कुणी हे बोललं नाही कधी!"

"कसं बोलतील? तिथंही सगळ्यांना तुम्ही एकाच चालीनं जुंपलंय!"